सकाळच्या रिकाम्या खुर्च्या

पौषातली थंडी पिंपळगावात उतरली की हायवेवरच्या टेम्पोंची चाल बदलते. एरवी रिकाम्या पत्र्यासारखे खडखडत धावणारे टेम्पो या दिवसांत द्राक्षांचे क्रेट भरून, गतिरोधकावर हळूच चढत-उतरत, पोटुशी बाई चालावी तसे जपून जातात. बागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या असतात. दवानं घड ओले असतात, म्हणून कात्र्या घेऊन आलेल्या बायका ऊन वर येईपर्यंत शेकोटीभोवती उभ्या राहतात. त्यांच्या तोंडातली वाफ आणि कपातल्या चहाची वाफ एकमेकींत मिसळून जाते. मी रोज सकाळी याच रस्त्यानं नाशिकला जाते. द्राक्षवाल्या घरातली मुलगी मी. या दिवसांत मला द्राक्षंच आठवायला हवीत. पण पहिला बोचरा वारा सुटला की माझ्या नाकाशी येतो तो फिनेलचा आणि स्पिरिटचा वास, आणि त्यात मिसळलेला, कुणीतरी डबा सोडल्यावर दरवळलेला लसणाच्या ठेच्याचा.

तो हिवाळा माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा होता. शाखा प्रॉडक्शन. वर्गातल्या प्रत्येकाला प्रकल्पासाठी कारखाना हवा होता. सातपूर नाहीतर अंबड. मलाही. कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा तो कोमट, तेलकट वास मला मनापासून आवडायचा. पण गायधनी मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "वर्षा, तू माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

घरी सांगितलं तर वडील जेवता जेवता थांबले. "दवाखान्यात? तिथं कसलं गं प्रॉडक्शन?"

मला तरी कुठं माहीत होतं!

गायधनी मॅडम पंचवटीतल्या. बारीक अंगकाठी, सुती साडी आणि पायात वर्कशॉपमध्ये घालतात तसले जाड बूट. सगळं कॉलेज त्या बुटांना हसायचं, आणि त्या वर्गात आल्या की गप्प व्हायचं. काम कसं होतं, कुठं अडतं, कुठं सांडतं हे बघण्याचं शास्त्र त्या आम्हाला शिकवायच्या. हे शास्त्र कारखान्यात जन्मलं म्हणून त्यानं आयुष्यभर कारखान्यातच राहावं हे त्यांना पटत नसे. बँक, टपाल, एस.टी.चा डेपो, हॉटेलचं स्वयंपाकघर, जिथं माणूस माणसाची सेवा करतो तिथं तिथं हे नेता येईल असं त्यांचं म्हणणं. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "लोखंडाला वाट बघायचा काही त्रास होत नाही. तरी ते ताटकळू नये म्हणून आपण केवढं शास्त्र उभं केलं! माणसासाठी तेच वापरायला आपल्याला लाज वाटते की काय?"

दवाखाना एका ट्रस्टचा होता. कॅन्सरचे पेशंट सकाळी यायचे, शिरेतून औषध घ्यायचे आणि त्याच दिवशी घरी जायचे. आत काचेपलीकडे औषध घेण्याच्या लांबट खुर्च्या, आणि बाहेर वाट बघण्याचा दालनभर पसारा. लाकडी बाकं, भिंतीला टेकवलेल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मफलर, स्वेटर, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल. नांदगावकडची, देवळ्याकडची माणसं काळोख असतानाच घरून निघालेली असत, कारण नंबर येण्याच्या क्रमानं लागायचा. जो आधी येईल त्याचा आधी. म्हणून सगळेच आधी यायचे.

पहिल्या दिवशी मी उत्साहानं घड्याळ आणि तक्त्यांचे कागद काढले. तिथल्या मुख्य परिचारिका अहिरे सिस्टर लांबून बघत होत्या. त्या तरातरा आल्या.

"घड्याळ घेऊन आलात म्हणजे आम्ही कामचुकार ठरणार. पाय दुखेस्तोवर उभ्या असतो आम्ही. आधीच सांगून ठेवते."

मॅडमनी माझ्या हातातलं घड्याळ घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "सिस्टर, तुम्हाला मोजायला नाही आलो. पेशंटच्या मागं मागं चालायला आलोय. तो जिथं थांबेल तिथं आम्ही थांबणार."

सिस्टरना ते पटलं नाही, पण त्यांनी आम्हाला हाकलूनही दिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस आम्ही फक्त बाकावर बसलो. "आधी बस, बघ, कंटाळ," मॅडम म्हणायच्या. "तुला जिथं कंटाळा येईल तिथं काहीतरी अडलंय असं समज."

कंटाळा काय असतो ते मला त्या दालनात कळलं. दुखणं सोसणारी माणसं मी आधीही पाहिली होती. पण दुखणं घेऊन नुसतं बसून राहिलेली माणसं, आपलं नाव कधी पुकारतील याकडे कान लावून लघवीलाही न उठणारी माणसं मी पहिल्यांदा पाहत होते. संत्र्याची साल सोलल्याचा वास आला की कुणाला तरी मळमळायचं. दार उघडलं की साऱ्या माना एकदम वळायच्या, आणि दार मिटलं की एकेक करून पुन्हा खाली.

आणि त्याच वेळी काचेपलीकडे औषध घेण्याच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या.

हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या निळ्या खुर्च्या ओळीनं चमकत पडलेल्या, अंगावरच्या चादरीची घडीही न मोडलेली; आणि अलीकडे बाकांवर माणसाला माणूस चिकटलेला. दुपार झाली की उलटं. एकेका खुर्चीसाठी चार जणांची घाई, सिस्टरांची तारांबळ, औषध कालवणाऱ्या खोलीपुढं धावाधाव. मी मॅडमना ते दाखवलं. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं असणार. पण ते मला आपणहून दिसावं म्हणून त्या थांबल्या होत्या. शिकवणं म्हणजे काय, याबद्दल आज मला जे थोडंफार उमगलंय ते त्या थांबण्यातून.

कारण तसं सोपं होतं. प्रत्येकाचं रक्त तपासून, पेशी पुरेशा आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय डॉक्टर औषध द्यायला परवानगी देत नसत, आणि ते बरोबरच होतं. रक्त सगळ्यांचं सकाळीच घेतलं जाई, म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट एकदमच येत. डॉक्टरांची सही झाल्यावरच औषध कालवायला घेत, कारण ते महाग, आणि कालवलं की टिकत नाही. कुणीच आळशी नव्हतं, कुणाचीच चूक नव्हती. माणसं आपापल्या जागी चोख होती. त्यांच्या मधल्या जागांमध्ये दिवस सांडत होता.

संध्याकाळी घरी आले की शेडमध्ये द्राक्षांचं काम चालू असे. एखादा क्रेट जरा उन्हात राहिला तर वडील केवढ्यानं ओरडायचे! "अरे, उचला, उचला तो, माल नरम पडंल!" घड तोडल्यापासून थंड खोलीत जाईपर्यंत त्याला कुठं थांबू द्यायचं नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तिथं उभी राहून ते ओरडणं ऐकायचे आणि मला दालनातले चेहरे आठवायचे.

त्या चेहऱ्यांपैकी एक सिंधूबाईंचा. देवळ्याजवळच्या एका गावच्या. नवरा, नाना, नेहमी बरोबर. हातात पिशवी आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. सिंधूबाईंचे केस गेले होते, पण कपाळावरचं कुंकू ठसठशीत असे. पहिल्यांदा माझ्या शेजारी बसल्या तेव्हा त्यांनी मला खालून वर बघितलं.

"ताई, तू डॉक्टर हाय का?"

"नाही, इंजिनिअरिंग शिकते."

"इंजिनेर? मग इथं काय मोडलंय?"

मी हसले. त्याही हसल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. त्यांना स्वतःला त्या दिवसांत कशाचीच चव लागत नव्हती, पण लाडू करून आणायच्या. "मला नाय लागत तर काय झालं, दुसऱ्याला तर लागतीये," असं त्यांचं उत्तर. त्यांच्या बोलण्यात दुखणं फारसं नसायचंच. कांद्याची लागण चालू होती, रोपं घरचीच होती, मजूर मिळत नव्हते. आपण नसलो की सून वाफ्यात रोपं दाट लावते, याची त्यांना काळजी.

मग तो दिवस आला. रिपोर्टला उशीर झालेला, दालन तुडुंब. दुपार कलायला लागली तरी सिंधूबाईंचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. देवळ्याची शेवटची सोयीची गाडी हुकली की तीन ठिकाणी बदलत, लोंबकळत जावं लागे. आदल्या खेपेला त्या औषध घेतलेल्या अंगानं तशाच उभ्यानं गेल्या होत्या. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा नानांकडं, आणि उठून पदर खोचला.

"बस व्हयनं आते. घर चाल," त्या आपल्या बोलीत नवऱ्याला म्हणाल्या. पुरे झालं आता, घरी चल.

"अगं, आत्ता नंबर येईल—"

"येऊ दे. मी नाय येणार."

सिस्टर धावल्या, समजावू लागल्या. सिंधूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला, थोपटला आणि सोडला. भांडण नाही, रडणं नाही. लग्नघरातून निरोप घेऊन निघावं तशा त्या जिन्याकडं गेल्या. नाना पिशवी उचलून मागं. सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या आणि मग भिंतीकडं तोंड करून त्यांनी डोळे पुसले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "एक खेप चुकली तर सांभाळून घेता येईल. पुढची चुकायला नको."

परत जाताना मॅडम म्हणाल्या, "ती औषधाला नाही कंटाळली, वर्षा. बाकाला कंटाळली. औषध आपल्या हातात नाही, बाक आहे."

आणि मग थोड्या वेळानं, जणू वेगळंच काही आठवून: "आमच्याकडं यात्रेकरू यायचे ना, बाबांकडं, पिंडदानाला... बाबा आम्हाला सांगायचे, हा माणूस आधीच मोडून आलेला असतो, त्याला दारात उभा ठेवू नका. आधी पाणी द्या, बसवा, कधी काय होणार ते सांगा. मंत्र नंतर."

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर बसल्या. रक्त आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या तालुक्याच्या गावीच तपासलं तर? रिपोर्ट फोनवर येईल, संध्याकाळी सही होईल, औषध कालवणारे सकाळी आल्या आल्या कामाला लागतील. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टवर मी एवढं जहाल औषध द्यायचं? काही झालं तर?" दुसरं कुणी असतं तर वाद घातला असता. मॅडम म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे. ती कशानं जाईल ते तुम्हीच सांगा." मग ठरलं, की डॉक्टर स्वतः पारखतील त्याच लॅब घ्यायच्या, आणि शंका आली तर रक्त इथं पुन्हा तपासायचं.

सिस्टरांशी बोलणं जास्त रंगलं. मॅडमनी सकाळच्या, मधल्या आणि दुपारच्या अशा पाळ्या मांडल्या. सिस्टर म्हणाल्या, "कागदावर छान आहे. पण एस.टी. तुमचं ऐकणार आहे का?" मग दोघी गाड्यांच्या वेळा समोर ठेवून बसल्या. जवळची माणसं, पंचवटीची, नाशिकरोडची, ती सकाळी. लांबची, घरून उजाडल्यावर निघून जेव्हा पोचतील तेव्हा. बोलता बोलता सिस्टरांनी मॅडमच्या पुढ्यातला चहा आपल्याकडं ओढून घेतला आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला वाटतं, घड्याळाचं भांडण त्या क्षणी मिटलं.

पहिला दिवस पार फसला. वेळा सांगूनही सगळे नेहमीसारखे पहाटेच हजर! मधल्या पाळीतले, दुपारचे, सगळे. "नंबर जाईल म्हणून आलो," जो तो म्हणे. मला रडू येत होतं. मॅडम मात्र बाकाच्या टोकावर बसून स्वतःशीच हसल्या. "बरोबर आहे त्यांचं. आपण त्यांना वेळ दिली, भरवसा कुठं दिला?"

त्यानंतर अहिरे सिस्टर रोज दुपारी फोन घेऊन बसू लागल्या. एकेकाला नावानं, खणखणीत आवाजात. "आजी, उद्या तुमची खुर्ची राखून ठेवलीये. कुणी बसणार नाही तिच्यात. भाकरी खाऊन, आरामात या. लवकर आलात तर मी रागवेन." शास्त्रात याला काय म्हणतात ते मी नंतर शिकले. पण तो आवाज कुठल्या पुस्तकात सापडणार? हळूहळू, एक-दोन करत, पहाटेची गर्दी विरळ होऊ लागली. सकाळचं ऊन आता निळ्या खुर्च्यांवर नाही, तर त्यांत पाय पसरून बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांवर पडायला लागलं.

सिंधूबाईंना सिस्टरांनी फोन केला तेव्हा नाना म्हणाले, "ती नाय म्हणतीये." पुन्हा केला. मग मागून सिंधूबाईंचाच आवाज आला, "त्या बूटवाल्या बाईला म्हणावं, बोलायचं तर वावरात ये. मला टाइम नाय."

आम्ही गेलो. ऊन कोवळं होतं, वाफ्यात पाणी चमकत होतं आणि ओल्या मातीला कांद्याच्या रोपांचा हिरवा, तिखट वास येत होता. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. सिंधूबाई बांधावर बसून त्यांच्याकडं बघत होत्या, आणि सुनेला मधूनच ओरडत होत्या, "दाट होतंय गं!" मॅडम बुटांसकट चिखल तुडवत गेल्या आणि शेजारी मातीतच बसल्या.

"हे बघा बाई," सिंधूबाईंनीच सुरुवात केली, "इथं वावरात बसले ना, तर मी सिंधू असते. तिथं त्या बाकावर बसलं की दिवसभर मी निस्ती आजारी असते. मरायला भीत नाय मी. पण जेवढं हाय तेवढं बाकावर घालायचं नाय मला."

औषध घ्या, बऱ्या व्हाल, असं काहीतरी मॅडम सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "घरून तुम्हाला कधी निघायला जमतं?"

सिंधूबाई चकित झाल्या. "मला?"

"हो. तुम्ही सांगा."

त्या विचारात पडल्या. इतके महिने त्यांना सगळ्यांनी वेळ सांगितली होती. विचारली कुणीच नव्हती. "गुरांचं झालं, भाकरी टाकल्या, बाया कामाला लागल्या... की मग निघता येतं."

"मग तीच तुमची वेळ. रक्त आदल्या दिवशी इथं देवळ्यात द्या. तुम्ही याल तेव्हा औषध तयार असेल."

"आन् नसलं तर?"

"तर लगेच उठून परत निघा. मी स्वतः स्टँडवर सोडायला येईन."

सिंधूबाईंनी सुनेकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं. मग नानांना म्हणाल्या, "उद्या रक्त देऊन येऊ."

त्या आल्या त्या दिवशी मी जिन्यातच उभी होते. त्या सवयीनं बाकाकडं वळल्या आणि पिशवी टेकवणार एवढ्यात अहिरे सिस्टरांनी हाक मारली, "तिकडं नाही हो, आत."

"लगेच?"

"लगेच. चादरसुद्धा घातलीये."

सिंधूबाई जागीच उभ्या राहिल्या. ज्या दारासाठी त्यांनी सबंध दिवसच्या दिवस बसून काढले होते, ते उघडं होतं आणि आत त्यांचीच वाट बघितली जात होती. त्यांनी चप्पल काढली, देवळात जाताना काढतात तशी, आणि आत गेल्या. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. यंत्र पहिल्यांदा सुरळीत चालल्यावर कारागिराच्या चेहऱ्यावर असतं तसं, पण त्याहून ओलं.

त्या हिवाळ्याला आता बरीच वर्षं झाली. मॅडम निवृत्त झाल्यात, पंचवटीत राहतात, आणि भाजीवाल्याकडं उभ्या असल्या तरी त्यांचं लक्ष रांगेकडंच असतं. मी हेच काम करते. कधी दवाखान्यात, कधी सरकारी कचेरीत, कधी यात्रेच्या गर्दीत. जाऊन आधी बसते, बघते, कंटाळते. माझ्या कामाचं नाव घरी अजून कुणाला नीट सांगता येत नाही. मला विचाराल तर ती एक प्रकारची अदब आहे. दुसऱ्याच्या दिवसाची किंमत आपल्या दिवसाएवढीच असते, हे नुसतं मानून भागत नाही. खुर्च्या, कागद, फोन, गाड्यांच्या वेळा यांत ते मांडावं लागतं. चांगुलपणालाही जुळणी लागते. त्या दालनातली सगळीच माणसं मुळात चांगली होती, तरी एक बाई तिथून उठून निघून गेली होती.

सिंधूबाईंचे उरलेले सगळे डोस पुरे झाले. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. तपासणीला येतात तेव्हा भेटतात, आणि त्यांच्या कांद्याचं बियाणं कसं अस्सल आहे हे मला दरवेळी नव्यानं ऐकवतात.

पण मला आठवते ती त्यांची पहिली लवकर सुटलेली दुपार. औषध संपलं तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं. नाना सवयीनं स्टँडकडं निघाले. सिंधूबाई फाटकाशीच थांबल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघू लागल्या.

"ताई, इतक्या खेपा झाल्या नाशकाला, पण नाशिक काय पाह्यलं नाय गं. इथं बांगड्या कुठं मिळतील?"

सिस्टरांना विचारून, त्यांच्या तोंडाला मास्क लावून, मी त्यांना कोपऱ्यावरच्या कासाराकडं नेलं. दुकान रिकामंच होतं. त्या स्टुलावर ऐसपैस बसल्या. हिरव्या बघितल्या, मोरपिशी बघितल्या, पुन्हा हिरव्या काढायला लावल्या. कासारानं हात पुढं करायला सांगितला तेव्हा उजवा मागं घेऊन त्यांनी डावा दिला. "ह्यात भरा. त्या हाताला आज सुई होती." कासार एकेक बांगडी सावकाश चढवू लागला. बाहेर नाना या पायावरून त्या पायावर होत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"अगं, उरक लवकर! गाडी सुटंल."

सिंधूबाईंनी हात उन्हात धरला आणि मनगट हलकेच वळवून बघितलं.

"सुटू दे," त्या म्हणाल्या. "तिच्या मागून दुसरी हाय."